बिनकवाडाचं घर

बाळारामकाकांच्या घराला दार नव्हतं. म्हणजे चौकट होती, चांगली जुन्या सागाची. वरच्या पट्टीवर गणपती कोरलेला आणि त्याच्यावर वर्षानुवर्षांच्या कुंकवाचा थर. चौकटीत कोयंडासुद्धा शाबूत होता. पण त्यात अडकवायला कडी नव्हती, कारण कडी ज्याच्यावर असते ते कवाडच नव्हतं. दोन कवाडांपैकी एक त्यांनी विटांवर आडवं टाकलं होतं आणि त्याच्यावर ताटल्या मांडून पाळणाघरातली पोरं जेवायला बसत. दुसरं कापून त्याची गुडघाभर उंचीची फळी उंबऱ्यावर उभी केली होती, रांगणारं पोर बाहेर पडू नये म्हणून. मी एकदा म्हटलं, "काका, एखाद्या दुपारी चोर शिरेल की." तर म्हणाले, "शिरू दे. नेऊन नेऊन काय नेईल? एखादं पोर नेईल. तासाभरात आपल्या पायानं परत आनून देईल, वर चार पैसं देईल."

आम्ही परभणीहून बदलापुरात आलो तेव्हा माझी मुलगी, रेवा, अडीच वर्षांची होती. नवऱ्याला तळोज्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आमच्या ऐपतीत बसेल असा फ्लॅट बदलापूरच्या खरवई भागात मिळाला, सातव्या मजल्यावर. बिल्डिंग नवीकोरी, निम्मी रिकामी. खिडकीतून डोंगर दिसतो असं ब्रोकरनं सांगितलं होतं, आणि डोंगर खरोखरच दिसे. अडचण एवढीच की दिवसभर दुसरं काहीच दिसत नसे. नवरा सकाळी अंधारात निघे आणि परत येई तोवर रेवा झोपलेली असे. परभणीला शेजारच्या काकू दिवसातून तीनदा काही ना काही मागायला यायच्या तर मी वैतागायची. इथे दुपारी लिफ्टचा आवाज आला की मी दारापाशी जाऊन उभी राहू लागले. लिफ्ट बहुतेक वेळा आमच्या मजल्यापर्यंत येतच नसे. रेवाशी मी इतकी बोलायची की एकदा तीच म्हणाली, "आई, आता गप बस."

तेव्हा ठरवलं, नोकरी धरायची. घराचा हप्ता होताच, पण खरं सांगायचं तर मला माणसं हवी होती. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये एका कपड्याच्या होलसेल दुकानात बिलं करायला बाई पाहिजे होती. शेठ सिंधी, बोलायला मोकळा. माझं अक्षर बघितलं, कॉम्प्युटरवर दोन बिलं काढून घेतली आणि म्हणाला, "मॅडम, काम तो आपका हुआ. लेकिन बच्ची का बंदोबस्त करके आओ. यहाँ गठरियाँ गिरती हैं, बच्चा नहीं चलेगा. मैं जगह रोक के रखता हूँ, मगर कितने दिन रोकूँगा?"

हे बंदोबस्त करणं म्हणजे काय ते मला पुढच्या दिवसांत कळलं. बदलापुरात दर वळणावर एक प्ले स्कूल आहे. भिंतीवर जिराफ, दारात काचेचा दरवाजा, आत थंडगार हवा आणि इंग्रजीत बोलणारी एक मुलगी. तिनं फी सांगितली तेव्हा मी पाणी मागितलं. आणि एवढं देऊनही मुलं बाराला घरी. पुढचे तास हवे असतील तर त्याचं वेगळं. अंबरनाथला एक स्वस्त सांगितलं कुणी म्हणून तिथेही गेले, तर त्या बाईंनी विचारलं, "मूल नॅपी सोडलेलं आहे ना? रडकं नाही ना? जेवतं ना आपलं आपण?" असं मूल असतं तर मी त्यालाच नोकरीला पाठवलं असतं. अंगणवाडीतल्या ताई भल्या होत्या. त्यांनी रेवाच्या हातावर खिचडीची वाटी ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, वाटप झालं की आमची पोरं घरी. मी सांभाळली असती, पण वरून परवानगी नाही." मग आमच्याच बाजूच्या बिल्डिंगमधल्या एका डे-केअरला गेले. जाळीचं दार बोटभर उघडलं. "पेरेंट्सना आत अलाउड नाही. बाकीची मुलं डिस्टर्ब होतात." आतल्या दाराआड टीव्ही मोठ्यानं चालू होता आणि त्या आवाजाखाली कुणीतरी रडत होतं. मी रेवाला कडेवर घेतलं आणि जिना उतरले. लिफ्टची वाट बघायचीही इच्छा होईना.

बिल्डिंगखालच्या किराणावाल्यानं मला हिराकाकींचं नाव सांगितलं. "गावात जा, जुन्या विहिरीच्या मागं. हिराकाकीचं पाळणाघर कोणीपण दाखवेल. संध्याकाळपर्यंत ठेवते, जेवायला घालते, आणि जास्त घेत नाही."

गेले. कवाड नसलेल्या त्या चौकटीत एक म्हातारा स्टुलावर बसला होता, पाठ गल्लीकडे आणि तोंड घरात. खाकी हाफपँट, वर बंडी, डोक्याला पांढरा रुमाल. मी विचारलं, "हिराकाकी आहेत का?"

"आत हाय," मागे वळूनही न बघता ते म्हणाले. "जा, बग."

मी फळी ओलांडून आत गेले. आडव्या कवाडाभोवती चार-पाच पोरं मऊ भात खात बसली होती. समोरच्या भिंतीवर हिराकाकी होत्या, चंदनाच्या हारात.

"दिसली?" मागून आवाज आला. "वरीस झालं जाऊन. लोक पत्ता अजून तिचाच देतात. मी पन बदलत नाय. पोर केवडीची?"

माझा हात आपोआप रेवाच्या दंडावर घट्ट झाला. अनोळखी गाव, अनोळखी घर, आणि एकटा पुरुष. पत्ता चुकला म्हणून निघून जावं असं मनात आलं. त्यांनी माझा हात बघितला असणार.

"घाबरलीस ना? घाबर. घाबरलंच पायजे. जी आई पयल्या दिवशी घाबरत नाय, तिचं पोर मी घेत नाय."

मग त्यांनी न विचारता दाराचं सांगितलं. "हिरा व्हती तवर दार व्हतं. बाईच्या घराचं दार लागलं तं कोनी काय म्हनत नाय. बाप्याच्या घराचं दार लागलं की लोकांच्या तोंडाचं दार उघडतं. म्हनून काढूनच टाकलं. जो येईल जाईल त्यानं आत बघावं. तू पन बग. सांगून येऊ नको. सांगून आलीस तं काय बगशील? चोरासारकी ये."

आणि रेवाला लगेच ठेवून घ्यायला मात्र साफ नकार दिला. "आधी तू बस. पोर नंतर बसंल."

मी त्यांच्या ओट्यावर चार-पाच दुपारी बसले. शेठला फोन करून थापा मारल्या. त्या दुपारांत मला काकांची रीत कळली. ते पोरांना कधी आतल्या खोलीत नेत नसत. खेळणं, जेवणं, झोपणं सगळं बाहेरच्या खोलीत, गल्लीतून दिसेल असं. कुणाची चड्डी ओली झाली की ते जागेवरून उठत नसत. स्टुलाशेजारी एक स्टीलची थाळी ठेवलेली असे, तिच्यावर चमचा वाजवत. मग शेजारच्या घरातून त्यांची थोरली भावजय, सुमनवहिनी, पदर खोचत बडबडत येई. "हिराला मी सांगितलं व्हतं, तुज्या मागं ह्याला जमनार नाय. जमतंय ह्याला सगलं, पन धुवाला मीच." ती पोराला मोरीवर नेई, धुई, बदली आणि परत आणून कवाडावर बसवी. काका तोवर तोंड फिरवून गल्लीकडे बघत बसत. पोरगा असो की पोरगी, नियम एकच. मी विचारलं, "काका, मुलांचं तरी तुम्ही करू शकता की." म्हणाले, "नियमाला भोक पाडलं की त्याची गालनी व्हते."

पुढच्या सोमवारी मी रेवाला ठेवून कामावर गेले. ती माझ्या ओढणीला धरून रडली. मी दोनदा परत फिरले तर काकाच ओरडले, "जा तू! रडू दे तिला. आई गेली तं रडाला नको? रडाला कोनीतरी असलं पायजे मानसाच्या मागं. मी गेलो तं कोन रडनार हाय?" हे त्यांनी हसत म्हटलं. मला तेव्हा हसू आलं नाही.

त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी चोरासारखी जाऊही लागले. शेठनं लवकर सोडलं की मी विहिरीच्या मागच्या वाटेनं यायची आणि एका टेम्पोच्या आडोशानं बघायची. एकदा तशी उभी असताना काकांनी स्टुलावरूनच आवाज दिला, "आज लवकर आलीस गो! तिथं ऊन लागंल, हिकडं ओट्यावर येऊन बग." पोरं हसली. मीही ओशाळून हसत गेले. नंतर कळलं, त्या टेम्पोआड माझ्याआधी दुसरी एक आईसुद्धा अशीच लपून बघायची. काकांना ती जागा पाठ होती.

काका पोरांना नावानं हाक मारत नसत. त्यांनी प्रत्येकाला भाताच्या वाणाचं नाव ठेवलं होतं. काळासावळा दणकट होता तो राता, एक गोरागोमटा तो कोलम, आणि रेवा हडकुळी म्हणून झिनी. "झिनी म्हंजे बारीक, पन वास बग तिचा," ते सांगत. "शिजाला लागली की गल्लीच्या तोंडाशी कलायचं, कोनाच्या घरी पाव्हना आलाय." ते मूळचे इथले कुणबी. बापाची शेती, आणि स्वतः अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. निवृत्त झाले त्याच सुमारास भावाभावांनी जमीन विकली. मी कुठे राहते ते कळलं तेव्हा त्यांनी मान वर करून आमची बिल्डिंग बघितली. "तुमची लिफ्ट हाय ना, तिथं आमचं रोपांचं खाचर. झिनीच लावायचो त्यात." मग रेवाकडे बघून म्हणाले, "बरोबर जागेवर उगवलीस तू." मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आमच्या फ्लॅटच्या खाली जमीन आहे.

खाण्यावरून मात्र आमच्या घरात रामायण झालं. आम्ही माळकरी घरातले. एके दिवशी रेवा घरी येऊन म्हणाली, "आई, सुकट कर." माझ्या आईला फोनवर हे ऐकू गेलं. "अगं, कसली सुकट? कुणाकडं ठेवलीस पोरगी? आणि माणूस सांभाळतोय म्हणे? बाईमाणूस नाही का मिळालं गावात?" दुसऱ्या दिवशी मी काकांना विचारलं. ते खरेच दुखावले. "तिच्या ताटात मी घालीन व्हय? वरन-भात खाते ती. पन समोर राता सुकट खातो, तिला वास कुठं बंद करू? नाकाला पन कवाड लावू?" त्यानंतर पोरांना सुकट घालणंच त्यांनी बंद केलं. राताच्या आईनं माझ्याशी बरेच दिवस बोलणं टाकलं.

संध्याकाळी मी दोन रिक्षा बदलून परत यायची तेव्हा बाकीची पोरं गेलेली असत. काका चुलीवर काळा चहा ठेवत. मी ओट्यावर टेकायची, रेवा फळीवर घोडा घोडा करायची. बोलण्यासारखं रोज काही असायचंच असं नाही. कधी मी शेठच्या गमती सांगायची. कधी ते हिराकाकींचं सांगत, ती कशी चिडायची, ती कशी गणपतीत फुगडीला पहिली उभी राहायची. अंधार पडायला लागला की म्हणत, "ऊठ आता. घरी दिवा लाव." बदलापुरात आल्यापासून मी बेल न वाजवता शिरू शकत होते असं ते एकच घर होतं. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं असंही नाही. त्यांना ठाऊक असणार, कारण चहाचा दुसरा कप आधीच काढून ठेवलेला असायचा.

दाराचं खरं कारण मला पितृपक्षात कळलं. हिराकाकींच्या तिथीला पाळणाघराला सुट्टी होती, पण आम्हाला जेवायला बोलावणं होतं. ताट वाढून ओट्याच्या टोकाला ठेवलं आणि कावळ्याची वाट बघत आम्ही बसलो. कावळा येईना. सुमनवहिनी म्हणाली, "काय राहिलं असंल तिचं? सांग तिला, तुज्या पोरांना मी सांभाळीन म्हनून." काकांनी तसं म्हटलं, तरी कावळा येईना. मग त्या चौकटीकडे बघत ते मला म्हणाले, "तुला सांगितलं ना, लोकांच्या तोंडासाठी दार काढलं. ते खरं हाय. पन अर्धं."

"आमाला पोर झालं नाय," ते म्हणाले. "हिरानं लोकांची सांभाळाला घेतली. मी कारखान्यातून दमून यायचो नि खेकसायचो, काय गो ही लोकांची पिलावळ, बंद कर. ती हसायची. मंग ती गेली. तेरावं झालं, पाव्हने गेले. दुसऱ्या दिवशी मी दार लावून आत पडलो व्हतो. एका आईला वाटलं, आता चालू झालं असंल. तिनं पोर गल्लीच्या तोंडाशी सोडलं नि ती घाईत कामावर गेली. रोजचंच ना. ते पोर दारात आलं. कडीला त्याचा हात पुरंना. तं ते खाली, हितं, तलहातानं थापट्या मारीत बसलं. 'काकी, काकी' करीत. मी ऐकत व्हतो आतून. उठलो नाय. म्हटलं, जाईल. थोड्या वेलानं आवाज बंद झाला. मंग मी उठलो. उघडून बगतो तं कोनी नाय."

"मग?" मी विचारलं.

"वहिनीच्या पडवीत निजलेलं सापडलं. गाल सगले भिजलेले. काय झालं नाय त्याला. पन त्या दिवशी मी स्क्रू ड्रायव्हर घेतला. म्हटलं, जिथं पोराचा हात पुरत नाय, असलं काय घराला ठेवाचंच नाय."

कावळा आला का, हे विचारायचं मला सुचलंच नाही. जेवायला बसलो तेव्हा ओट्यावरचं ताट विस्कटलेलं होतं, एवढं खरं.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सगळं बरं चाललं. मग कुठल्यातरी लांबच्या शहरातली एक बातमी मोबाइलवर फिरू लागली, एका पाळणाघरात एका माणसानं लहान मुलीशी काय केलं त्याची. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर ती आली, गावातल्या ग्रुपवर आली, आणि खाली कुणीतरी लिहिलं, "आपल्या इथेही एक एकटा म्हातारा मुलं सांभाळतो. पालकांनी विचार करावा." नाव नव्हतं. लागतही नव्हतं. मी लांबलचक उत्तर लिहिलं, दार नाही म्हणून लिहिलं, थाळीचं लिहिलं. त्यावर कुणी अंगठा दाखवला, कुणी हात जोडले. आठवड्याभरात कोलमची आई आली आणि म्हणाली की सासूबाई गावाहून येताहेत. मग आणखी एकीच्या सासूबाई आल्या. राताला मामाकडे ठेवलं.

मला वाटलं होतं काका चिडतील. ते चिडले नाहीत. "आई हाय. घाबरलं पायजे. मीच सांगतो ना सगल्यांना," ते म्हणाले आणि कवाडावरच्या ताटल्या मोजक्या मांडल्या. शेवटी एकच ताटली राहिली. रेवाची.

त्या संध्याकाळी त्यांनी चहा ठेवला नाही. रेवाची चप्पल आणि ताटली पिशवीत घालून ठेवली होती. "उद्यापासून आनू नको," ते म्हणाले.

मी भांडले. ओट्यावर उभी राहून भांडले. म्हटलं, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे, लोक गेले खड्ड्यात.

"तुज्या विश्वासाचं काय करू मी? पाच पोरं व्हती तवर पालनाघर व्हतं. आता एक पोर नि एक बाप्या. दार नाय तरी काय झालं? लोक मना काय म्हनायचं ते म्हनू देत, मी जाड कातडीचा. पन उद्या कोनी हिला बाजूला घेऊन विचारतील. आजोबा काय करतात, कुठं बसवतात, हात कुठं लावतात. हिच्या डोक्यात ते कशाला घालू? अजून तिला काय म्हाईत नाय. नसू दे."

"मग माझी नोकरी?"

"ती गेली तं दुसरी येईल."

"आणि तुम्ही काय करणार?" हे विचारलं आणि लगेच वाटलं, विचारायला नको होतं. पिशवीतली चप्पल रेवाच्या पायात घालायला ते खाली वाकले, मग थांबले आणि चप्पल माझ्या हातात दिली.

नोकरी पूर्ण गेली नाही. शेठला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "हाफ डे आ जाओ, मॅडम. पगार भी हाफ." जूनपासून रेवाला एका साध्या मराठी बालवर्गात घातलं, बारापर्यंत. दुपार पुन्हा माझी आणि तिची, सातव्या मजल्यावर. लिफ्टचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला. या वेळी तो मनाला जास्त लागला, कारण खाली, बिल्डिंगांच्या मधून, काकांच्या घराची कौलं दिसायची आणि ते तिथे काय करत असतील ते मला दिसत नसे.

दिवाळीच्या आधी त्यांच्या पुतण्यानं घराला नवीन दार बसवलं. एकच अखंड दार, तपकिरी, चकचकीत, कुलूप आतल्या आत, बाहेर वाजवायला पितळी कडी. म्हाताऱ्या माणसानं उघड्यावर राहू नये, असं पुतण्याचं म्हणणं, आणि ते चूक कसं म्हणावं? आम्ही रविवारी भेटायला गेलो तेव्हा दार बंद होतं. रेवानं उड्या मारल्या पण कडीला तिचा हात पुरेना. मी हात वर करणार तोच तिनं खाली तळहातानं थाप मारली. पहिल्या थापेला दार उघडलं. मी आत बघितलं. ते स्टूल दाराच्या मागेच होतं, फक्त आता काका त्याच्यावर दाराकडे तोंड करून बसत असणार.

त्यानंतर आम्ही बहुतेक रविवारी जायचो. दरवेळी रेवा थाप मारायची आणि दार उघडायचं. हळूहळू त्यांचे गुडघे धरले तसा वेळ लागू लागला. आतून आवाज यायचा, "थांब गो, उठतंय, उठतंय," आणि रेवा बाहेरून त्यांची नक्कल करायची. ती पाच वर्षांची झाली तेव्हा एका रविवारी टाचा उंचावून तिनं कडी धरली आणि खणखण वाजवली. दार उघडून काका तिच्याकडे बघत राहिले. "पुरला काय हात?" मग तिच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. मला आठवतं तसं पहिल्यांदाच. ओट्यावर, सगळ्या गल्लीसमोर. "झालं मंग. आता मी जरा निजलेलो असलो तरी चालंल."

ते गेले ते आम्हाला दोन दिवसांनी कळलं, किराणावाल्याकडून. मी धावत गेले तर सगळं उरकलं होतं. सुमनवहिनी तिच्या पडवीत बसली होती, समोर ती थाळी घेऊन. "दार बंद व्हतं," ती म्हणाली. "मना वाटलं, निजलाय. दुपारी पन बंद. पयलं कसं, जाता येता चुलीपाशी दिसायचा गो. चहा पितोय, शेंगा सोलतोय, दिसायचा. मंग पुतन्याला बोलावला. त्यानं चावी लावून ढकललं तं दार सरकंना. हा मागं बसलेला, स्टुलावर, दाराला डोकं टेकून." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "उघडं असतं तं मना दिसला असता ना?" मी तिचा हात धरून बसले. आम्ही दोघी रडलो. पोटभर रडलो. मागे कोण रडणार, असं ते म्हणाले होते, तर त्यांना सांगायला हवं होतं कुणीतरी.

रेवाला मी सगळं नीट सांगितलं, जेवढं त्या वयाला सांगता येतं तेवढं. आजोबा आता नाहीत, हिराकाकींच्या शेजारी त्यांचाही फोटो लागेल, वगैरे. तिनं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि खेळायला गेली. पुढच्या रविवारी सुमनवहिनीला डबा द्यायला आम्ही गल्लीत गेलो. माझं बोट सोडून ती पुढे धावली आणि ओट्यावर चढली. मी हाक मारली, "रेवा, तिथे कुणी नाहीये." तिनं टाचा उंचावल्या, कडी धरली, दोनदा वाजवली आणि हात खाली घेऊन उभी राहिली. मी तिला आणायला ओट्याची पायरी चढले.

"थांब गो," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "त्यांना उठायला वेळ लागतो."

मी थांबले.